डेनिस मॅक स्मिथ आणि इटलीचे तीन नायक

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी दिला आहे.)



आज सुरुवात परीक्षेतल्या एका वाक्यापासून करतो. तुमच्यापैकी ज्यांनी बी.ए.ला इतिहास घेतला असेल, किंवा स्पर्धा परीक्षांची गाइडं चाळली असतील, त्यांना ते पाठ असणार. मॅझिनी हे इटलीचं हृदय, काव्हूर हा मेंदू आणि गॅरिबाल्डी ही तलवार. पुढे चौथं नाव व्हिक्टर इमॅन्युएल राजाचं. चार नावं, चार परिच्छेद, दहा गुण. मी एका तालुक्याच्या कॉलेजात हे वाक्य किती वर्षं उतरवून दिलं ते आता सांगत नाही, लाज वाटते. (हशा)

वाक्य वाईट आहे का? ऐकायला छान आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. हृदय, मेंदू आणि हात एकाच शरीराचे, म्हणजे तिघं मिळून एकच काम करत होते. आता तीन गोष्टी बघा. १८६१च्या एप्रिलमध्ये तुरिनच्या संसदेत गॅरिबाल्डी उभा राहिला आणि काव्हूरने भावाभावांत युद्ध लावण्याचा घाट घातला होता, असा उघड आरोप त्याने केला. १८६२च्या ऑगस्टमध्ये आस्प्रोमोंतेच्या डोंगरात याच ‘तलवारी’च्या पायात गोळी लागली. ती इटलीच्याच सैन्याची होती. आणि १८७०मध्ये ‘हृदया’ला गाएताच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. कुणी? ऑस्ट्रियाने नाही, इटलीच्या सरकारने. दोन वर्षांनी मॅझिनी पिसा इथे वारले तेव्हा ते खोट्या नावाने राहत होते, आपल्याच स्वतंत्र देशात.

हे कसलं शरीर म्हणायचं? हा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यभर लावून धरला, त्याच्याविषयी आज बोलायचं आहे. डेनिस मॅक स्मिथ. जन्म लंडनचा, १९२०चा. मृत्यू २०१७. म्हणजे सत्त्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली पन्नासेक वर्षं एकाच देशाच्या एका शतकावर खर्च केलेली.

चरित्र थोडक्यात उरकतो. शिक्षण केंब्रिजच्या पीटरहाउस कॉलेजात. युद्धकाळात ब्रिटिश कॅबिनेट ऑफिसात नोकरी. युद्ध संपल्यावर इटलीला गेले, आणि नेपल्सला बेनेदेत्तो क्रोचे यांच्या घरच्या ग्रंथसंग्रहात बसून त्यांनी काम केलं. क्रोचे म्हणजे त्या काळी इटलीच्या बौद्धिक जगातला सर्वांत मोठा माणूस. १९४७ ते १९६२ पीटरहाउसला फेलो. मग ऑक्सफर्डच्या ऑल सोल्सला, १९८७पर्यंत. ऑल सोल्समध्ये पदवीचे विद्यार्थी नसतात, बरं का. पेपर तपासणं नाही, अंतर्गत मूल्यमापन नाही. समोर बसलेल्या प्राध्यापक मंडळींचे चेहरे मला दिसताहेत. (हशा)

आता मुख्य गोष्ट. १९५४ साली त्यांचं पहिलं मोठं पुस्तक आलं, ‘काव्हूर अँड गॅरिबाल्डी १८६०’. विषय केवढा? १८६०च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंतचे सात-आठ महिने. या काळात गॅरिबाल्डी हजारभर स्वयंसेवक आणि दोन आगबोटी घेऊन जेनोवाजवळून निघतो, सिसिलीत मार्सालाला उतरतो, बेट जिंकतो, सामुद्रधुनी ओलांडून ७ सप्टेंबरला नेपल्समध्ये शिरतो. तेही आगगाडीने, मूठभर सोबत्यांबरोबर, शहरात शत्रूचं सैन्य असताना. ही कथा इंग्रजी वाचकाला माहीत होती. जी. एम. ट्रेव्हेल्यन यांनी १९०७ ते १९११ या काळात गॅरिबाल्डीवर तीन खंड लिहिले होते. गॅरिबाल्डी ज्या वाटांनी गेला त्या वाटा त्यांनी पायी तुडवल्या होत्या. त्या खंडांत हे सगळं आहे, आणि ते सुंदर आहे.

मॅक स्मिथ यांनी रणांगण सोडलं आणि टपाल उघडलं. काव्हूर त्या महिन्यांत कुणाला काय लिहीत होता? पॅरिसच्या वकिलाला काय, राजाला काय, सिसिलीत पाठवलेल्या आपल्या माणसांना काय? रूढ कथा अशी होती की, काव्हूर वरवर नाही नाही म्हणत होता आणि आतून गॅरिबाल्डीला मदत करत होता. मेंदू आणि तलवारीचं संगनमत. पत्रं तारखेवार लावल्यावर मॅक स्मिथ यांना दिसलं ते वेगळंच. ही मोहीम काव्हूरला नको होती. ती थांबवण्याइतकं त्याचं बळ त्या क्षणी नव्हतं, म्हणून ती निघाली. मिलानमध्ये वर्गणीतून विकत घेतलेल्या चांगल्या बंदुका सरकारने अडवून ठेवल्या आणि त्या स्वयंसेवकांना जुनाट बंदुका घेऊन जावं लागलं. पुढे काव्हूरने सिसिलीत ला फारिना नावाचा आपला माणूस धाडला, बेट लगेच पिडमाँटला जोडून घ्या म्हणून. गॅरिबाल्डीने जुलैत त्याला बेटाबाहेर काढलं. मग ऑगस्टमध्ये काव्हूरने वेगळी खटपट केली. गॅरिबाल्डी पोचायच्या आत नेपल्समध्ये आपल्या बाजूचा उठाव घडवून आणायचा, म्हणजे श्रेय आणि सत्ता दोन्ही हातात राहील. पैसा गेला, माणसं गेली, हत्यारं गेली. उठाव काही झाला नाही. नेपल्सचे लोक गॅरिबाल्डीची वाट बघत बसले होते.

तेव्हा काव्हूरने सैन्य पोपच्या मुलखातून दक्षिणेत उतरवलं, आणि युरोपच्या दरबारांना सांगितलं की आम्ही क्रांती आवरायला चाललो आहोत. क्रांती म्हणजे गॅरिबाल्डी! ऑक्टोबरअखेर तेआनो इथे राजा आणि गॅरिबाल्डी घोड्यांवर भेटले, हस्तांदोलन झालं. ते चित्र आपल्या पुस्तकांतही असतं. त्या चित्रानंतर गॅरिबाल्डीने वर्षभर नेपल्सचा कारभार मागितला. राजाने नाही म्हटलं. आणि तो बियाण्याचं पोतं घेऊन आपल्या काप्रेरा बेटावर शेती करायला निघून गेला.

म्हणजे देश एक झाला तो तिघांच्या एकोप्याने नाही. त्यांच्या चढाओढीतून झाला. काव्हूरची खरी कर्तबगारी हीच की, नको असलेली गोष्ट घडल्यावर ती क्षणात आपलीशी करून घेणं त्याला जमलं. हे मॅक स्मिथ नाकारत नाहीत. ते नाकारतात ती योजना. सगळं आधीच ठरलेलं होतं, ही समजूत.

यातला एक धागा मला आपल्याकडच्या माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. आपण राजवाड्यांच्या परंपरेतले. बखरीवर विसंबू नका, अस्सल कागद आणा, हे आपल्याला बाळकडूसारखं मिळालेलं. मॅक स्मिथ एक पायरी पुढे जाऊन सांगतात की, छापलेला अस्सल कागदसुद्धा अस्सल असेलच असं नाही. काव्हूरची पत्रं १८८०च्या दशकात लुइजी क्याला यांनी खंडांमागून खंड काढून छापली. राष्ट्रपुरुषाची पत्रं. त्यांतली अडचणीची वाक्यं गाळली, काही मवाळ केली. पुढच्या दोन पिढ्यांचे इतिहासकार तेच खंड समोर ठेवून काव्हूरचं धोरण किती सुसंगत होतं ते सिद्ध करत राहिले. सुसंगत असणारच, विसंगती संपादकांनी आधीच वेचून काढली होती! १९९६ साली, पंच्याहत्तरी उलटल्यावर, मॅक स्मिथ यांनी कागदपत्रांतल्या अशा फेरफारांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला. माणसाचा पिंड त्यात कळतो. शेवटपर्यंत त्यांना एकच चीड होती, ती म्हणजे मेलेल्यांच्या पत्रांत केलेली साफसफाई.

अविश्वासाने वाचणं ही त्यांची पद्धत. माणूस त्या दिवशी काय बोलला आणि नंतर आपण काय बोललो असं त्याने सांगितलं, या दोन्हींतलं अंतर मोजायचं. १८६०साठी ही पद्धत इतकी चपखल आहे की, ते पुस्तक आजही जुनं वाटत नाही. माझं पुढचं सगळं बोलणं या प्रश्नावर आहे : हीच पद्धत त्यांनी पुढे जिथे जिथे नेली, तिथे ती तितकीच चालली का?

१९५९. ‘इटली : अ मॉडर्न हिस्टरी’. इटालियन भाषांतर लातेर्झा या प्रकाशनाने त्याच वर्षी काढलं. लातेर्झा म्हणजे क्रोचे यांचे प्रकाशक. क्रोचे १९५२ला वारले होते. त्यांचा १९२८चा इटलीचा इतिहास १९१५ला थांबतो, आणि उदारमतवादी इटली कशी वाढत होती याचं समाधान त्यात आहे. फॅसिझमकडे ते इतिहासातला एक कंस म्हणून बघत. कंस उघडला, कंस मिटला. मॅक स्मिथ यांनी ज्या घरातली पुस्तकं वाचली, त्याच घराच्या या मताला धक्का दिला. त्यांचं म्हणणं : मुसोलिनी आभाळातून पडला नाही. १८६१च्या संसदेसाठी मतदानाचा हक्क लोकसंख्येच्या सुमारे २ टक्क्यांना होता. चारातली तीन माणसं निरक्षर. राजाने नव्या देशाचा राजा झाल्यावरही आपला क्रमांक ‘दुसरा’ असाच ठेवला, जणू जुन्या राज्यालाच मुलूख जोडला गेला आहे. दक्षिणेतल्या शेतकऱ्यांचे उठाव ‘दरोडेखोरी’ म्हणून लाखभर सैन्य घालून मोडले गेले. काव्हूर स्वतः फ्लॉरेन्सच्या खाली कधी गेला नव्हता. नेपल्स, सिसिली हा त्याने न पाहिलेला देश. आणि संसदेत पक्ष असे उभेच राहिले नाहीत. सरकार टिकवायला विरोधकांना एकेक करून आपल्यात ओढायचं. या ओढाओढीशी आपल्याला नव्याने ओळख करून घ्यायची गरज नाही. (हशा)

पुस्तक इटलीत धडाक्याने खपलं, आणि विद्यापीठांतून त्यावर तितकीच आग पाखडली गेली. रोझारियो रोमेओ हे त्यांतले सर्वांत तोलामोलाचे टीकाकार. त्यांनी पुढे काव्हूरवर तीन खंडांचं चरित्र लिहिलं. त्यांचा आक्षेप मला आज वाचताना अर्धा पटतो. एकीकडे ऑस्ट्रिया, दुसरीकडे फ्रान्सचा तिसरा नेपोलियन, खजिना रिकामा, अशा अवस्थेत लहानशा राज्याचा मुख्य मंत्री आज एक आणि उद्या दुसरं बोलणारच. त्याला लबाडी म्हणायचं की राजकारण? मॅक स्मिथ वाचताना कधी कधी असं वाटतं की काव्हूर शपथेवर साक्ष देतो आहे आणि समोर इंग्रज वकील उभा आहे.

आणि इंग्रज हा शब्द मी मुद्दाम वापरला. या पुस्तकाची मोजपट्टी वेस्टमिन्स्टरची आहे. दोन सुस्पष्ट पक्ष, आलटून पालटून सत्ता, मंत्री संसदेला बांधील. इटली यात कुठे कुठे उणी पडली याची ती नोंदवही आहे. गंमत अशी की, भूतकाळ आजच्या यशाच्या मापाने मोजू नका, असं १९३१ साली बजावणारे हर्बर्ट बटरफील्ड याच पीटरहाउस कॉलेजचे. मॅक स्मिथ तिथे असताना ते त्या कॉलेजचे प्रमुख झाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आपल्याला तर हा सूर चांगला ओळखीचा आहे. इंग्रजाने आपल्या उणिवा मोजाव्यात आणि आपण ऐकाव्यात, हे आपण दीडशे वर्षं केलं. म्हणून मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो होतो. मग लक्षात आलं की, ते विकत घेऊन वाचणारे इटालियन लोक होते. वीस वर्षं फॅसिस्ट पाठ्यपुस्तकं वाचलेली पिढी. तिला आपल्या घरचे लोक सांगत नव्हते ते बाहेरचा माणूस सांगत होता. शिवाय आतलेही काही जण तसंच म्हणत होते. ग्राम्शी यांनी तुरुंगात लिहिलेल्या वह्या १९४०च्या दशकाअखेर छापून आल्या, त्यांत एकीकरण वरून झालं, शेतकऱ्याला सोडून झालं, हेच आहे. १९५८ला लाम्पेदूसाची ‘द लेपर्ड’ ही कादंबरी आली. तीत १८६०च्या सार्वमतात एक साधा माणूस ‘नाही’ असं मत देतो आणि निकालात ‘नाही’ची संख्या शून्य निघते. प्रत्यक्षातले आकडे बघा : नेपल्सच्या बाजूला होकार तेरा लाखांच्या वर, नकार दहा हजारांच्या आसपास. सिसिलीत होकार चार लाख बत्तीस हजार, नकार ६६७. मतदान उघड्यावर, होकाराची पेटी वेगळी, नकाराची वेगळी. मॅक स्मिथ यांचं पुस्तक या हवेत आलं. परक्याने केलेली निंदा म्हणून ते बाजूला सारता येत नाही.

आता मुसोलिनी. इथे मला त्यांच्याशी खरं भांडायचं आहे.

१९७६ला ‘मुसोलिनीज रोमन एम्पायर’, १९८१ला ‘मुसोलिनी’ हे चरित्र. तीच पद्धत, अविश्वासाने वाचण्याची. आणि मुसोलिनीइतकं खोटं बोलणारा माणूस मिळाल्यावर ही पद्धत नुसती उधळते. कचेरीचा दिवा रात्रभर जळत ठेवायचा, म्हणजे चौकातल्या लोकांना वाटावं नेता जागा आहे. ऐंशी लाख संगिनी तयार आहेत म्हणायचं, आणि १० जून १९४०ला युद्ध पुकारायचं तेव्हा आपल्या व्यापारी जहाजांपैकी जवळपास एक तृतीयांश परक्या बंदरांत किंवा दूरच्या समुद्रात, त्यांना कुणी परत बोलावलेलंच नाही. वाचताना हसू येतं, मग भीती वाटते. मॅक स्मिथ यांचा मुसोलिनी हा मुळात वृत्तपत्राचा संपादक आहे. बातमी कशी दिसेल एवढंच त्याला कळतं, आणि शेवटी तो स्वतःच आपल्या मथळ्यांवर विश्वास ठेवतो. हे निरीक्षण फार मोलाचं आहे.

पण चरित्र मिटल्यावर एक प्रश्न उरतो. हा इतका विदूषक होता, तर लाखो माणसांनी त्याच्यावर वीस वर्षं विश्वास कसा ठेवला?

याच प्रश्नाला भिडणारा दुसरा माणूस त्या वेळी रोममध्ये बसून लिहीत होता. रेन्झो दे फेलिचे. तरुणपणी कम्युनिस्ट, १९५६ला हंगेरीत रणगाडे शिरल्यावर पक्ष सोडलेला. त्यांनी १९६५पासून मुसोलिनीचं चरित्र लिहायला घेतलं आणि १९९६ला ते वारले तरी ते संपलं नव्हतं. शेवटचा खंड मागाहून निघाला. एकूण आठ खंड, सहा हजारांच्या वर पानं. मजकूर कोरडा, तळटीपा ढीगभर. त्यांच्या १९७४च्या खंडात त्यांनी म्हटलं की, १९२९ ते १९३६ या काळात राजवटीला लोकांची व्यापक संमती होती. इटलीत भूकंप झाला. १९७५ला मॅक स्मिथ यांनी लंडनच्या टाइम्स लिटररी सप्लिमेंटमध्ये त्यावर कडक लिहिलं. रोख असा की, कागदांचा डोंगर उभा करता करता ड्यूचेचं स्मारकच उभं राहतं आहे. वृत्तपत्रं बांधलेली, पोलिसांचे हेर घराघरांत, मग संमती मोजायची कशाने? १९२९च्या मतदानात होकार ९८ टक्क्यांच्या वर. एकच यादी, हो म्हणा किंवा नाही म्हणा. १८६०च्या सार्वमताचे आकडे ज्याने पाहिलेत, तो यावर विश्वास कसा ठेवील?

तर्क बिनतोड आहे. तरी मला वाटतं, या वादात मॅक स्मिथ यांनी प्रश्न टाळला. संमती मोजता येत नाही म्हणजे ती नव्हती असं होत नाही. दे फेलिचे यांचं उत्तर सैल असेल, राजवटीच्या दप्तरावर ते फार विसंबले असतील, पण प्रश्न त्यांनी ऐकणाऱ्याकडे वळवला. मॅक स्मिथ मात्र कायम बोलणाऱ्याकडे बघत राहिले. खोटं पकडायला शिकलेल्या माणसाला एक गोष्ट दिसत नाही : खोटं ऐकणाऱ्याची गरज. चौकात उभ्या असलेल्या शिंप्याला, शाळामास्तराला, मुलगा इथिओपियाच्या युद्धावर गेलेल्या आईला त्या भाषणातून काय मिळत होतं?

याचं उत्तर पुढे आलं, आणि कुणाकडून? ख्रिस्तोफर डगन यांच्याकडून. सिसिलीच्या इतिहासाची संक्षिप्त आवृत्ती १९८६ला निघाली, तिच्यावर मोझेस फिन्ली आणि मॅक स्मिथ यांच्याबरोबर डगन यांचं नाव आहे. याच डगन यांनी २०१२ला ‘फॅसिस्ट व्हॉइसेस’ लिहिलं. सामान्य माणसांच्या खासगी रोजनिशा, मुसोलिनीला पाठवलेली पत्रं. बायका त्याला देवासारखं लिहितात. सरकार भ्रष्ट आहे पण तो चांगला आहे, त्याच्यापर्यंत खरं पोचत नाही, असं लोक मनापासून लिहितात. हे वाचल्यावर हसू येत नाही. ज्येष्ठाने जिथे हात आखडला तिथून धाकट्याने काम उचललं, आणि मॅक स्मिथ यांच्याइतक्याच बारकाईने.

शेवटचा टप्पा. १९९४, ‘मॅझिनी’. इथे आपला आणि त्यांचा रस्ता एक होतो, पण उलट दिशांनी. मराठी माणूस इटलीच्या इतिहासात शिरला तो मॅझिनीच्या दारातून. १९०७ साली सावरकरांचं मॅझिनीच्या आत्मचरित्राचं भाषांतर प्रसिद्ध झालं. ट्रेव्हेल्यन यांचा गॅरिबाल्डीवरचा पहिला खंड त्याच वर्षीचा. सरकारने मराठी पुस्तकावर बंदी घातली. एका पिढीने त्याची प्रस्तावना पाठ केली. त्या मॅझिनीच्या हातात गुप्त संघटना होती, शपथ होती, हौतात्म्य होतं. दोनच वर्षांनी, १९०९ला, गांधीजींनी ‘हिंद स्वराज’मध्ये इटलीवर एक प्रकरण लिहिलं आणि विचारलं, ऑस्ट्रियाचं सैन्य गेल्यावर इटलीच्या सामान्य माणसाला काय मिळालं? मॅझिनीला हवी होती ती इटली वेगळी आणि राजाची इटली वेगळी. हे मी वर्गात दोन्ही बाजूंनी शिकवलं, आणि पुष्कळ वर्षांनी कळलं की मॅक स्मिथ यांच्या १९५९च्या पुस्तकाचा गाभा गांधीजींनी दोन-तीन पानांत सांगून ठेवला होता. कागदपत्रं न बघता!

तर आपण मॅझिनीपासून निघालो. मॅक स्मिथ चाळीस वर्षं फिरून, काव्हूर, राजघराणं, मुसोलिनी, सगळ्यांची वस्त्रं उतरवून, मॅझिनीपाशी पोचले. आणि इथे त्यांचा हात मऊ होतो. त्यांचा मॅझिनी धर्मांच्या सहिष्णुतेचा, स्त्रियांच्या समान हक्कांचा, राष्ट्रांच्या बंधुत्वाचा माणूस आहे. १८३१ला ‘तरुण इटली’ काढणारा तोच, १८३४ला ‘तरुण युरोप’ काढणाराही तोच. आपण पहिली संस्था लक्षात ठेवली आणि दुसरी विसरलो, हे मला या पुस्तकाने दाखवलं. त्याबद्दल मी ऋणी आहे.

पण मॅझिनीच्या फसलेल्या उठावांचं काय? १८५३ला मिलानमध्ये, १८५७ला पिसाकानेच्या मोहिमेत, तरुण पोरं मेली. पत्रं लिहिणाऱ्या माणसावर त्याची जबाबदारी किती? हाच प्रश्न काव्हूरबाबत असता तर मॅक स्मिथ यांनी पत्रं तारखेवार लावली असती. इथे ते समजून घेतात. मॅझिनीच्या लिखाणात इटलीला आफ्रिकेत काही कार्य करायचं आहे असा सूरही सापडतो. पुढे साम्राज्यवाद्यांनी तो उचलला. त्यावर मॅक स्मिथ यांचा भर कमीच पडतो. अविश्वासाची पद्धत त्यांनी प्रिय माणसाच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवली. मला हे दोष म्हणून सांगायला हवं, सांगतो. आणि तरी, सगळ्यांत जास्त वेळा मी परत उघडलेलं त्यांचं पुस्तक हेच आहे.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, हे सगळं वर्गात सांगितलं तर मुलांनी परीक्षेत काय लिहायचं?

उत्तर : हा प्रश्न मला एका मुलीने वर्गातच विचारला होता. मी तेव्हा म्हटलं, हृदय-मेंदू-तलवार लिही, गुण मिळव. तिने लिहिलं, मिळवले. ते उत्तर मला अजून टोचतं. आज असता प्रश्न, तर म्हटलं असतं, तेच वाक्य लिही आणि खाली आस्प्रोमोंतेची तारीख लिही.

प्रश्न : नायकांची अशी चिरफाड झाल्यावर समाजाकडे काय उरतं? इटलीने गॅरिबाल्डी सोडला का?

उत्तर : नाही ना. गावोगाव त्याचे पुतळे आहेत, रस्ते आहेत. मॅक स्मिथ यांनीही गॅरिबाल्डीला लहान केलेलं नाही. १९५४च्या पुस्तकात भोळसट शिपाई ही त्याची प्रतिमा ते पुसतात आणि १८६०च्या उन्हाळ्यात राजकारण कळणारा माणूस दाखवतात. उलट तो नायक कसा घडवला गेला, चित्रं, चरित्रं, वृत्तपत्रं यांतून, ते ल्यूसी रिआल यांनी २००७च्या पुस्तकात मांडलं आहे. त्यात गॅरिबाल्डीने स्वतः किती हातभार लावला तेही आहे. तो भाग वाचण्यासारखा आहे.

प्रश्न : त्यांचं कोणतं पुस्तक आधी वाचावं?

उत्तर : १९५४चं. जाड आहे, नावांची गर्दी आहे, पहिली पन्नास पानं कंटाळा येईल. ला फारिना सिसिलीत उतरेपर्यंत धीर धरा. एक वही घेऊन बसा आणि तारखा लिहीत चला, कारण सगळी मौज कुठलं पत्र आधीचं आणि कुठलं नंतरचं यात आहे. वेळ झाली म्हणून आयोजक खूण करताहेत, थांबतो.